पाइन ए-६४ बोर्ड सुरू करताना: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

गेल्या उन्हाळ्यात तासगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेसाठी मी दोन पाइन ए-६४ प्लस बोर्ड, म्हणजे एकाच सर्किट पट्टीवर मावणारे छोटे संगणक, तयार करून दिले. शाळेत इंटरनेट जेमतेम चालते, त्यामुळे किविक्स या मुक्त सॉफ्टवेअरच्या साहाय्याने मराठी विकिपीडियाची प्रत बोर्डावर ठेवायची आणि संगणक खोलीतील जुन्या यंत्रांवरून मुलांना ती ब्राउझरमध्ये वाचता यावी, अशी योजना होती. दोनपैकी एक बोर्ड मला "हा गेलेला आहे, सुट्या भागांसाठी ठेवा" असे सांगून मिळाला होता. तो बोर्ड आजही त्या शाळेत चालू आहे. गेलेली होती ती त्याच्यासोबत आलेली केबल. अशा बोर्डांची चार-पाच वर्षे दुरुस्ती केल्यावर माझे मत असे झाले आहे की, "चालू होत नाही" म्हणून कपाटात पडलेल्या बोर्डांपैकी बहुतेकांचा दोष वीजपुरवठ्यात किंवा मेमरी कार्डात असतो. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींना सर्वांत जास्त जागा दिली आहे.

बोर्ड कोठून आला हे समजून घ्यावे

पाइन ए-६४ हा लोकवर्गणीतून उभा राहिलेला बोर्ड आहे. डिसेंबर २०१५ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर त्याची मोहीम सुरू झाली आणि ३६ हजारांहून अधिक लोकांनी मिळून १७ लाख डॉलरहून जास्त रक्कम त्यासाठी दिली. सर्वांत साध्या बोर्डाची किंमत १५ डॉलर होती. त्यात ५१२ मेगाबाइट रॅम होती. १ गिगाबाइट आणि २ गिगाबाइट रॅमचे "प्लस" बोर्ड अनुक्रमे १९ आणि २९ डॉलरना दिले गेले. ऑलविनर ए-६४ ही ६४ बिटांची, चार कोअरची चिप सर्व नमुन्यांत सारखीच आहे, मात्र साध्या बोर्डाचे नेटवर्क १०० मेगाबिटपर्यंतच चालते आणि प्लस बोर्डांना गिगाबिट नेटवर्क आहे.

हा तपशील देण्याचे कारण व्यावहारिक आहे. लोकवर्गणीतून आलेल्या बोर्डामागे सेवा केंद्रांचे जाळे नसते. सॉफ्टवेअरची जबाबदारी बरीचशी ते वापरणारे लोकच उचलतात आणि कंपनी टिकेलच याची हमी कोणी देत नाही. २०१५ मध्येच "चिप" नावाचा ९ डॉलरचा बोर्ड अशाच मोहिमेतून आला, हजारो लोकांच्या हाती पोहोचला आणि २०१८ मध्ये त्याची कंपनी बंद पडली. त्यानंतर त्या बोर्डावर प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) चढवण्यासाठी लागणाऱ्या फाइली वापरकर्त्यांनी जपून ठेवलेल्या प्रतींमधून शोधाव्या लागल्या. म्हणून बोर्ड हातात येताच त्याचा पिन-नकाशा, सर्किटची आकृती आणि चालणारी इमेज फाइल (कार्डावर जशीच्या तशी लिहायची संपूर्ण प्रणाली) या तिन्ही गोष्टी उतरवून घ्याव्यात आणि पेन ड्राइव्हवर वेगळ्या ठेवाव्यात. हे काम दहा मिनिटांचे आहे, परंतु ते पहिल्याच दिवशी करावे.

बोर्डाचा आकार साधारण १२७ × ७९ मिलिमीटर, म्हणजे रास्पबेरी पाय या प्रसिद्ध छोट्या संगणक बोर्डापेक्षा बराच मोठा आहे. पायची केस त्याला बसत नाही. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, पायसाठी बनवलेली प्रणालीही त्यावर चालत नाही. चाळीस पिनांची रचना सारखी दिसते म्हणून अनेक विद्यार्थी पायचे कार्ड काढून यात घालतात आणि पडदा काळा राहिला की बोर्ड खराब असल्याचे ठरवून मोकळे होतात. दोन्ही बोर्डांची सुरू होण्याची पद्धत मुळातच वेगळी आहे. ऑलविनरची चिप कार्डाच्या सुरुवातीपासून ८ किलोबाइट अंतरावर एक छोटा प्रोग्रॅम शोधते. तो तेथे नसेल तर पुढे काहीच घडत नाही आणि दिवाही नीट पेटत नाही.

वीजपुरवठा

साध्या आणि प्लस बोर्डाला मायक्रो यूएसबीमधून ५ व्होल्ट, किमान २ अँपिअरचा पुरवठा लागतो. घरातील मोबाईलच्या चार्जरवर "५ व्होल्ट २ अँपिअर" असे छापलेले असते, त्यामुळे चार्जर योग्य आहे असे आपण गृहीत धरतो. तो योग्य असेलही, परंतु चार्जरच्या तोंडाशी असलेले ५ व्होल्ट बोर्डापर्यंत पोहोचतातच असे नाही, कारण मधल्या केबलमध्ये व्होल्टेज पडते.

याचा हिशोब एकदा स्वतः करून पाहावा. स्वस्त केबलमधील वीजवाहक तार बहुधा २८ गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) असते आणि तिचा रोध दर मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. वीज जाते एका तारेने आणि परत येते दुसऱ्या तारेने, म्हणून एक मीटर केबलचा एकूण रोध सुमारे ०.४२ ओहम धरावा लागतो. बोर्ड कामात असताना १.५ अँपिअर ओढू लागला, तर केबलमध्येच ०.६ व्होल्टहून अधिक खर्च होतात आणि बोर्डाच्या वाट्याला जेमतेम ४.४ व्होल्ट येतात. तारा २४ गेजच्या असतील तर हीच घट पाव व्होल्टच्या आसपास राहते. शिवाय मायक्रो यूएसबीचे टोक स्वतःच १.८ अँपिअरपर्यंतच्या प्रवाहासाठी बनवलेले असते. ते ढिले किंवा काळवंडलेले असेल तर घट आणखी वाढते.

वर उल्लेख केलेल्या बोर्डाचे नेमके हेच झाले होते. रिकामा असताना मल्टीमीटर ४.९ व्होल्ट दाखवत होता, म्हणून आधीच्या मालकाने पुरवठा चांगला असल्याचे मानले. मी मल्टीमीटर लावूनच ठेवला आणि बोर्ड सुरू केला. पहिले सात-आठ सेकंद आकडा ४.८ वर स्थिर होता; प्रणाली वर येऊ लागली तसा तो ४.६, ४.५ असा उतरत गेला आणि ४.३ च्या जवळ येताच बोर्ड बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तीन वेळा तेच. जाड तारेची अर्धा मीटर लांबीची केबल लावल्यावर आकडा ४.८५ च्या खाली गेला नाही आणि बोर्ड पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. पुरवठा मोजायचा तो असा, बोर्ड कामात असताना आणि बोर्डाच्या पिनांवरच. ४.७५ व्होल्टच्या खाली आकडा जात असेल तर इतर काहीही तपासण्यापूर्वी केबल बदलावी. मोजताना पिन-नकाशा समोर ठेवावा आणि मल्टीमीटरचे टोक शेजारच्या पिनेला टेकू देऊ नये. ५ व्होल्टची आणि ३.३ व्होल्टची पिन क्षणभर जरी जोडली गेली, तरी चिप जळू शकते.

बोर्ड कायमचा एका जागी बसवायचा असेल, तर ऑयलर बस नावाच्या ३४ पिनांच्या जोडणीतून ५ व्होल्ट थेट देणे हा मायक्रो यूएसबीपेक्षा भरवशाचा मार्ग आहे. मात्र तेथे उलट ध्रुवता दिल्यास बोर्ड वाचत नाही. तारा जोडल्यावर बोर्डाला लावण्याआधी दोन वेळा मोजून घ्याव्यात. नंतर आलेल्या एलटीएस या नमुन्याला गोल टोकाचा प्लग लागतो, त्यामुळे जुन्या बोर्डाचा पुरवठा त्यावर चालेल असे समजू नये.

आपल्याकडे वीज जाणे-येणे हा नेहमीचाच भाग आहे. देखभालीसाठी पुरवठा बंद ठेवला जातो, वळवाच्या पावसात तारा तुटतात आणि परत येताना लाईट दोन-तीनदा लुकलुकते. कार्डावर लिहिण्याचे काम चालू असताना पुरवठा तुटला, तर फाइल प्रणाली बिघडते. पाइन बोर्डाला ३.७ व्होल्टची लिथियम बॅटरी जोडण्याची सोय आहे आणि ग्रामीण शाळेसाठी मला ती या बोर्डाची सर्वांत मोलाची बाजू वाटते. बॅटरी संरक्षक सर्किट असलेलीच घ्यावी आणि तिच्या टोकावरील लाल-काळ्या तारांचा क्रम बोर्डाच्या आकृतीशी ताडून पाहावा, कारण बाजारातील सर्व बॅटऱ्यांचा क्रम सारखा नसतो. बॅटरी नको असेल तर किमान इन्व्हर्टरवरील सॉकेट वापरावा.

मेमरी कार्ड

या बोर्डांवर स्वतःची साठवण नसते. सर्व काही मायक्रो एसडी कार्डावर चालते. म्हणून कार्ड नामांकित उत्पादकाचे आणि पावती देणाऱ्या दुकानातून घ्यावे. मी एकदा घाईत घेतलेल्या ३२ गिगाबाइटच्या कार्डात प्रत्यक्षात ८ गिगाबाइटही जागा नव्हती. असे बनावट कार्ड संगणकाला आपली क्षमता ३२ सांगते, लिहिताना तक्रार करत नाही आणि खरी जागा संपली की पुढचा मजकूर निमूटपणे हरवते. बोर्ड आठवडाभर चालतो आणि मग अचानक बिघडतो, तेव्हा दोष कोणाचा हे कळत नाही. नवे कार्ड वापरण्यापूर्वी लिनक्सवर एफ-थ्री किंवा विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने ते पूर्ण भरून परत वाचून घ्यावे. त्याला तास-दीड तास लागू शकतो, पण तो वेळ वाया जात नाही.

कार्ड तपासून झाले की प्रणाली निवडावी. नवशिक्यांनी आर्मबियन घ्यावी, असे मी सुचवेन. ती डेबियन आणि उबुंटूवर आधारलेली आहे आणि पडदा नसतानाही चालते. बोर्डाच्या नावाची नेमकी इमेज उतरवावी. साधा किंवा प्लस बोर्ड आणि एलटीएस यांच्या इमेज वेगळ्या असतात. फाइल उतरल्यावर तिची शा-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे तपासण्याची खूण) संकेतस्थळावर दिलेल्या आकड्यांशी जुळते का ते पाहावे. इंटरनेट मध्येच तुटल्यामुळे अर्धवट उतरलेली फाइल दिसायला पूर्ण फाइलीसारखीच दिसते आणि नंतर दोन दिवस खाते.

इमेज कार्डावर "कॉपी-पेस्ट" करायची नसते. बलेना एचर या प्रोग्रॅमने ती लिहावी आणि शेवटची पडताळणी पूर्ण होऊ द्यावी. लिहून झाल्यावर विंडोज बहुधा "हे कार्ड वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा" असा संदेश दाखवते, कारण लिनक्सचा भाग तिला वाचता येत नाही. हा संदेश रद्द करावा. येथे होकाराचे बटण दाबून अर्ध्या तासाचे काम पुसून टाकणारे विद्यार्थी मी दर वर्षी पाहतो आणि त्यांना वाटते की इमेजच खराब होती.

पहिल्यांदा सुरू करताना

पहिल्या वेळी बोर्डाला फक्त तीन गोष्टी जोडाव्यात: कार्ड, नेटवर्कची केबल आणि सर्वांत शेवटी वीज. कीबोर्ड, माउस, हार्ड डिस्क, सेन्सर यांपैकी काहीही लावू नये. पहिल्या सुरुवातीला प्रणाली कार्डाच्या संपूर्ण जागेपर्यंत पसरते, म्हणून चार-पाच मिनिटे वाट पाहावी. पडद्यावर काही दिसत नाही म्हणून या काळात वीज काढणे हीच पहिल्या दिवशीची सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

त्यानंतर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडावी. तेथे बोर्डाचे नाव आणि आयपी पत्ता दिसतो. त्या पत्त्यावर एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याच्या सोयीने) रूट या नावाने आणि १२३४ या सुरुवातीच्या पासवर्डने प्रवेश करता येतो. प्रणाली लगेच नवा पासवर्ड आणि नवा वापरकर्ता तयार करून घेते. वेळेचा विभाग आशिया/कोलकाता असा ठेवावा. देवनागरी मजकूर बोर्डाच्याच पडद्यावर वाचायचा असेल तर नोटो किंवा लोहित देवनागरी फाँट बसवावा. मजकूर इतर संगणकांच्या ब्राउझरमध्ये वाचायचा असेल तर त्याची गरज नाही.

एवढे झाल्यावर बोर्ड रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावा आणि मगच पुढची वस्तू जोडावी. एका वेळी एकच बदल करायचा, तो वहीत लिहायचा आणि बोर्ड चालतो की नाही ते पाहायचे.

सुरू होत नसेल तर

पडदा काळा आहे, एवढ्यावरून बोर्ड बंद आहे असा निष्कर्ष काढू नये. जुन्या कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) इमेज एचडीएमआयमधून १०८० पी हाच आकार पाठवत आणि डीव्हीआय रूपांतरक लावलेल्या मॉनिटरवर काहीच दिसत नसे. शाळांमध्ये अजूनही असे चौकोनी मॉनिटर आहेत. म्हणून आधी राउटरच्या यादीत बोर्ड दिसतो का ते पाहावे. दिसत असेल तर बोर्ड चालू आहे आणि प्रश्न फक्त चित्राचा आहे. साध्या एचडीएमआय टीव्हीवर लावून पाहावे किंवा नवी इमेज घ्यावी.

यादीतही दिसत नसेल, तर सीरियल जोडणीला, म्हणजे बोर्डाचे संदेश तारांवरून थेट संगणकावर वाचण्याला, पर्याय नाही. सीपी-२१०२ किंवा सीएच-३४० चिपचा यूएसबी-सीरियल रूपांतरक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो आणि विद्यार्थ्यांनी बोर्डाच्या आधी तो घ्यावा, असे मला मनापासून वाटते. त्याच्या तीनच तारा जोडायच्या: ग्राउंडला ग्राउंड, बोर्डाच्या पाठवणाऱ्या पिनेला रूपांतरकाची घेणारी पिन आणि त्याच्या उलट. रूपांतरकाची वीज देणारी तार मोकळी सोडावी आणि त्यावर व्होल्टेज निवडण्याची सोय असेल तर ती ३.३ व्होल्टवर असल्याची खात्री करावी. ५ व्होल्टचे संकेत चिपला सोसत नाहीत. संगणकावर पुट्टी हा संदेश दाखवणारा प्रोग्रॅम उघडून वेग १,१५,२०० ठेवावा आणि मग बोर्डाला वीज द्यावी.

आता बोर्ड स्वतःच आपली अवस्था सांगू लागतो. पहिली ओळ "यू-बूट एसपीएल" (कार्डावरील त्या छोट्या प्रोग्रॅमचे नाव) अशी येते, तिच्यापाठोपाठ रॅमचा आकडा आणि नंतर कार्डावरून सुरू होण्याचा प्रयत्न केल्याची ओळ दिसते. एकही ओळ आली नाही, तर वीज पोहोचलेली नाही, कार्डावरील तो ८ किलोबाइटवरचा प्रोग्रॅम सापडलेला नाही किंवा आपल्या तारा उलट झाल्या आहेत. तारा अदलाबदल करून पाहण्यास एक मिनिट पुरते. पहिल्या काही ओळी येऊन थांबल्या तर कार्डावर संशय घ्यावा. कर्नल सुरू होऊन "रूट फाइल प्रणाली जोडता येत नाही" अशा अर्थाची ओळ येऊन थांबला, तर कार्डावरील फाइली बिघडल्या आहेत आणि इमेज नव्याने लिहावी लागेल. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबत असेल तर पुन्हा वीजपुरवठ्याकडे वळावे.

एक गोष्ट येथे लक्षात ठेवावी. सीरियलच्या तारा लावलेल्या असताना मुख्य वीज काढली, तरी रूपांतरकाच्या संकेताच्या तारेतून थोडी वीज बोर्डात शिरत राहते. बोर्ड धड बंदही नसतो आणि चालूही नसतो. अशा अवस्थेत तो पुन्हा सुरू होण्यास नकार देऊ शकतो. म्हणून वीज काढल्यावर रूपांतरकही काढावा, दहा सेकंद थांबावे आणि मग पुन्हा जोडावे.

चालू झाल्यानंतरच्या तक्रारी

नेटवर्क जोडले जाते, पिंग (जोडणी तपासण्याची आज्ञा) चालते, पण मोठी फाइल उतरवताना वेग अडखळतो किंवा जोडणी तुटते, ही तक्रार प्लस बोर्डांच्या काही नगांमध्ये खरोखरच आहे. आधी केबल बदलून पाहावी. तरीही फरक पडला नाही, तर इथटूल या आज्ञेने जोडणी १०० मेगाबिटवर बांधून टाकावी. वीस मुलांना लेख वाचायला देण्यासाठी तेवढा वेग भरपूर आहे. तासगावच्या शाळेतील एक बोर्ड आजही तसाच चालतो.

वीज जाऊन आल्यावर बोर्डाचे घड्याळ मागे जाते. घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसेल आणि इंटरनेटही नसेल, तर तारीख चुकीची राहते, सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि नवे पॅकेज बसवताना प्रमाणपत्र अवैध असल्याचे संदेश येतात. अशा वेळी प्रणाली बिघडल्याचे समजून ती पुन्हा बसवू नये. आधी तारीख पाहावी.

सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीच्या घरात जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहूनही वर. चिप तापली की स्वतःचा वेग कमी करते, त्यामुळे बोर्ड सकाळी चपळ आणि दुपारी मंद वाटतो. आर्मबियनमॉनिटर या आज्ञेने तापमान आणि वेग एकत्र पाहता येतात. चिपवर ॲल्युमिनियमचा छोटा हीटसिंक चिकटवावा, बोर्ड बंद डब्यात ठेवू नये आणि जमल्यास भिंतीवर उभा लावावा, म्हणजे हवा खालून वर वाहते.

बाहेरची हार्ड डिस्क लावताच बोर्ड बंद पडत असेल तर त्यात नवल नाही. यूएसबी २.० च्या जोडणीतून ५०० मिलिअँपिअर अपेक्षित असतात आणि फिरती डिस्क सुरू होताना त्याहून बरेच जास्त ओढते. स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब मध्ये घालावा.

सर्व काही मनासारखे चालू लागले की बोर्ड बंद करून त्या कार्डाची संपूर्ण इमेज संगणकावर काढून घ्यावी आणि ती तितक्याच किंवा जास्त क्षमतेच्या दुसऱ्या, तपासलेल्या कार्डावर लिहावी. त्या दुसऱ्या कार्डाने बोर्ड एकदा प्रत्यक्ष सुरू करून पाहावा, ते लहान पाकिटात घालावे, पाकिटावर बोर्डाचा नमुना, प्रणालीची आवृत्ती आणि तारीख पेनाने लिहावी आणि पाकीट बोर्डाच्या शेजारीच चिकटवून ठेवावे. तासगावच्या शाळेत पहिल्या पावसाळ्यात मूळ कार्ड बिघडले, तेव्हा तेथील शिपाईमामांनी मला फोनही न करता पाकिटातील कार्ड घातले आणि दुसऱ्या तासाला वर्ग सुरू झाला.